श्वासापुरता गजर

"ताई, घोडा जिवंत आहे, पुतळा तुम्ही झालात! गाणं म्हणा, म्हणजे श्वास तरी घ्याल!" रिसालदारसाहेब गरजले. घोड्याला तालात चालवायच्या ड्रेसाज शिबिराचा तिसरा दिवस होता आणि पन्नाशीच्या कुमुदताई खोगिरावर अजून श्वास रोखून बसत होत्या.

कीर्तनाखेरीज त्यांना येत काय होतं? त्यांनी दबकत "जय जय रामकृष्ण हरी" सुरू केलं आणि सुलतानची पावलं त्या ठेक्यात पडू लागली.

"वा! आता घोड्याला बुक्का लावा," साहेब म्हणाले.

शिबिराअखेरच्या स्पर्धेच्या सकाळी त्यांनीच बजावलं, "इथे तोंडातून आवाज निघाला की गुण गेले. आज देव मनातच ठेवा."

ताईंचा श्वास पुन्हा अडकला. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं, तर साहेब मांडीवर तोच ठेका धरून उभे होते आणि मिशीखालचे ओठ हलत होते. ताई हसल्या. सुलतान डौलात निघाला.