दोन्ही वायरी

कंपनीचा सगळा डेटा ज्यातून जातो, त्या स्टोरेज स्विचमधल्या फायबर जोडायच्या ऑप्टिकल मॉड्यूलचे तोंड ती पुसत होती, तोच नवऱ्याने मागून केसांना धरून तिला रॅकवर आपटले. तोही याच कंपनीत, रखवालीवर. सर्व्हर रूमच्या दाराचे कार्ड त्याच्यापाशी होतेच.

"माहेरी निघालीस ना? चल, मी पोचवतो तुला."

तिने जिवाच्या आकांताने किंकाळी फोडली. तो हसला. "ओरडा, बाईसाहेब. या पंख्यांच्या घरघरीत तुमचं तुम्हालाच ऐकू येणार नाही."

खोटे नव्हते ते. तिचा ओठ फुटला, दात हलला, मग त्याची बोटे गळ्याभोवती आवळली. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तिने चाचपडत रॅकच्या मागे हात घातला आणि स्विचच्या विजेची वायर उपटली. काहीच झाले नाही. होणारही नव्हते, एका बाजूची वीज गेली तर दुसरीने भार उचलावा, ही जोडणी तिनेच केली होती. उरल्यासुरल्या बळानिशी तिने दुसरी वायरही उपटली.

स्विच बंद पडला आणि वरच्या मजल्यांवरचे सगळे कामकाज ठप्प झाले. जिन्यावर पावले धडधडली, दार उघडले, चौघांनी नवऱ्याला जमिनीवर दाबून धरले. मोठे साहेब मात्र तिला ओलांडून थेट रॅकपाशी गेले.

"स्विच कोणी बंद केला?"

तिने तोंडातले रक्त बाहीला पुसले.

"मी. याचं कार्ड काढून घ्या म्हणून तुमच्यासमोर रडले होते, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलाही नव्हता."