दोन ताटं

"लेकीला उपाशी ठेवू नका. पोट रिकामं राहिलं, की उदास मन आणखी खचतं," आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. लेक एवढंच म्हणाली, "आई, तू सोबत खाल्लंस तरच खाईन." मी हो म्हटलं होतं.

आज सोमवार. वन्सं सोफ्यावर बसून उपवासाचे साबुदाणेवडे हाणत होत्या. "धिरड्यांनी का कुणाचं डोकं ताळ्यावर येतं, वहिनी? तिला सोळा सोमवार धरायला लावा."

त्यांच्या तेलकट हनुवटीची मला शिसारी आली. यांची भक्ती चटणीच्या वाटीइतकीच खोल. "वन्सं, अजून दही वाढू?" मी हळू विचारलं.

लग्नापासून न मोडलेला सोमवार महादेवाच्या स्वाधीन केला. मुगाची धिरडी दोन ताटांत वाढली आणि लेकीच्या बंद दाराकडे निघाले.