विहिणीचं नेट

“‘आ नेत काइयू.’ एवढंच म्हणते आणि फोन बंद,” ऑपरेटरबाई काउंटरवर वही उघडत म्हणाल्या. “म्हणजे काय रे?”

मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने डोळ्यावरचं भिंग वर सारलं. बाईंचा मुलगा ज्या देशात होता, तिथेच त्याने आठ वर्षं काढली होती. “पोर्तुगीजमध्ये ‘नेट पडलं’, मावशी. आपण गेलं म्हणतो, ते पडलं म्हणतात. कोण म्हणतं?”

“माझी विहीण. दर रविवारी, सहाव्या मिनिटाला.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. मुलगा आणि सून रविवारीसुद्धा कामावर, आणि पाच वर्षांची चिमणी त्या विहिणीच्या मांडीवर. चिमणीचे केस विंचरायचे तिने, लाड करायचे तिने, आणि इकडे आजीने मात्र पाच मिनिटं काचेतून बघायचं. बाईंच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्या उघड कबूलही करत होत्या.

त्यात गेल्या रविवारी विहिणीच्या टेबलावर निळ्या पट्ट्यांचा मग दिसला. बाईंनी मुलाला हौसेने पाठवलेला. त्यातून चांगली वाफ निघत होती.

“माझ्या मुलाचा मगसुद्धा बळकावला भवानीने,” त्या म्हणाल्या.

“नेट खरंच जात असेल हो, मावशी.”

“तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवली मी. लाईन आपोआप गेली की कुणी तोडली, हे मला शिकवू नकोस. मला भाषा शिकव. पुस्तकी नको, घरात बोलतात तसली.”

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा शिकवणी चालायची. अडकलं म्हणजे ‘त्रावो’. बंद करून चालू कर म्हणजे ‘देज्लिगा ई लिगा’. ‘दिज्’ म्हणजे सांग. हा शब्द बाईंनी मुद्दाम मागून घेतला. मुलाला नवं यंत्र घ्यायला सांग, असं विहिणीला सुनवायचं होतं. सगळं वहीत देवनागरीत उतरलं. शेवटी त्यांनी विचारलं, “पडलंबिडलं काही नाही, हे कसं म्हणतात?”

“‘नाँव काइयू नादा.’ पण भांडण होईल हं, मावशी.”

“होऊ दे की.”

रविवारी चिमणीने नुकताच पडलेला दात मुठीतून काढून दाखवला. बाबा कुठेय विचारल्यावर तिने आधी दाराकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “बाबा काम.” तिला येणाऱ्या चार मराठी शब्दांपैकी हे दोन. उरलेले दोन होते ‘आजी’ आणि ‘ये’. ते ऐकायला बाई आठवडाभर थांबायच्या.

ते आलेच नाहीत. विहिणीने दाराकडे नजर टाकली. सहावं मिनिट लागलं होतं.

“आ नेत काइयू,” विहीण म्हणाली.

“नाँव काइयू नादा!” बाई कडाडल्या. “देज्लिगा ई लिगा!”

विहिणीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती लालबुंद झाली. तिने टॅब टेबलावर पालथा टाकला आणि पडदा काळा झाला.

चोर रंगेहाथ पकडला होता. बाईंना कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आता फोन ठेवायला हरकत नव्हती, पण एक्स्चेंजमधली सवय हातातून गेली नव्हती. पलीकडची लाईन मेल्याशिवाय आपण रिसीव्हर ठेवायचा नाही. त्यांनी फोन कानाला लावला. लाईन जिवंत होती.

तिकडे खुर्ची सरकली. विहीण कुणावर तरी ओरडत होती. “नाँव काइयू नादा! नाँव काइयू नादा!” बाईंचंच वाक्य, बाईंच्याच तावात.

मग दुसरा आवाज आला. दबका, वैतागलेला.

“दिज् के काइयू.”

बाईंनी वही पुढ्यात ओढली. दिज्, सांग. काइयू, पडलं. सांग, पडलं म्हणून. अर्थ लावायला वही लागली.

आवाज त्यांच्या मुलाचा होता.