लांबचा फेरा

काढ्याचं पाणी आटून अर्धं झालं, तरी नोबंटूचा पत्ता नव्हता.

म्झुकिसी दारातल्या बाकावर घोंगडी पांघरून खोकत होता. उमलोन्यानेचं कडू झुडूप समोरच होतं, गुरांच्या वाड्याला लागून. अंगण ओलांडलं की हात पोचेल. पण वाड्यासमोर पूर्वजांचा वावर. नव्या सुनेने तिथून जायचं नसतं. म्हणून नोबंटू घरांच्या मागून, मक्याच्या धसकटांतून वळसा घालून गेली होती आणि आता मुठीत पाला धरून तशीच धावत परत येत होती.

"पाय आहेत की ओंडके?" चुलीपाशी म्झुकिसीची बहीण करवादली. "तोवर माझा भाऊ खोकून खोकून मरायचा!"

"मग उद्यापासून मधून येऊ का, आत्याबाई?"

"खबरदार!"

म्झुकिसीला हसू आलं, आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला. शहरातली पोर हिवाळाभरही टिकणार नाही, असं बहिणीने गावभर सांगून ठेवलं होतं. त्याला खोकल्याहून त्याचंच भय वाटे. पोर त्याला आवडली होती.

नोबंटूने दोन्ही हातांनी काढा पुढे केला. "साखर घालू, बाबा?"

"नको. साखरेने खोकला लाडावतो." त्याने डोळे मिटून घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"संध्याकाळी ताजा पाला आणते," ती म्हणाली. तिच्या झग्याला खालपासून वरपर्यंत कुसळं चिकटली होती.

दुपारी धाप जरा बसली, तसा म्झुकिसी पहार घेऊन उठला. थांबत थांबत अंगण ओलांडून गेला, झुडपाचा एक फुटवा मुळासकट काढला आणि नोबंटूच्या घराच्या मागच्या दाराशी खड्डा खणू लागला.

"वेड लागलं का, दादा? आईने तिकडे लावलंय ते!"

"आईचं आहे तिथेच आहे. हे सुनेचं."

"एका रात्रीत शेळ्या फस्त करतील."

"करू देत. पुन्हा लावीन."

बहीण पाय आपटत निघून गेली.

संध्याकाळी नोबंटू मागच्या दाराने बाहेर आली, तर रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण होतं. शेजारी आत्याबाई बोटातला काटा काढत बसल्या होत्या.

"बघतेस काय?" त्या खेकसल्या. "पाणी घाल त्याला."