रिकाम्या सीटचा पट्टा

"आणि तुम्ही विमानातून उतरलात कुठे?" चौकशी अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या सरांनी चहाचा कप डाव्या हातात घेतला. उजवा खांदा कालपासून वर जात नव्हता. बाथरूममध्ये घसरलो, हे त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं होतं.

"धावपट्टीच्या त्या टोकाला. ऑफिसातून तिथलं दिसत नाही. पहिल्यांदा एकटं उडायचं, त्यात सगळे टक लावून बघणार, मग पोरं बिचकतात."

"ही मुलगी बिचकली होती?"

"थोडी. म्हणाली, सर, आज नको. मी धीर दिला."

"मग विमान उठलं, कलंडलं, शेतात पडून पेटलं. तुम्ही पहिले पोचलात."

"जवळच होतो."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. "एक खटकतंय. एकट्याला पाठवताना शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवतात, लोंबून कुठे अडकू नये म्हणून. इथे तो उघडा सापडला."

सरांनी घोट गिळला. "राहिला असेल माझ्याकडून."

"निदान कबूल तरी करता. हल्ली जो तो कानावर हात ठेवतो."

सर उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शिस्तीपायी मुलं त्यांना मागून 'घड्याळ' म्हणायची. आज या घड्याळाचा काटा काही जागेवर राहत नव्हता.

दोघं हॉस्पिटलच्या वॉर्डात गेले. ती उशीला टेकून बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. तिची आई लगबगीने उठली.

"सर, देवासारखे धावलात. नाहीतर पोर हातची गेली असती." तिने वाकून त्यांचे दोन्ही तळवे धरून डोळ्यांना लावले. "सगळे हिला भित्री म्हणायचे. तुम्ही एकटेच म्हणालात, उडेल ही."

तळव्यांवर साधा ओरखडाही नव्हता. सरांनी ते सोडवून घेतले. त्यांना तिथे उभं राहवत नव्हतं.

अधिकारी खुर्ची ओढून बसला. "बाळ, नीट आठवून सांग. चूक तुझी निघाली, तर विमानशाळेतून नाव कमी होईल. परत विमानात बसता यायचं नाही."

तिने क्षणभर सरांकडे पाहिलं. सर तिच्या पलंगाच्या लोखंडी कडेकडे बघत होते.

"वेग यायच्या आधीच मी विमानाचं नाक वर उचललं," ती म्हणाली. "सरांनी शंभरदा बजावलं होतं."

"सरांचा काही दोष?"

"त्यांचा कसा? मी एकटीच होते."

वही मिटली. आईच्या डोळ्यांना धार लागली. "चार वर्षं दुसरं काही सुचलं नाही हो हिला. सगळं पाण्यात गेलं."

सरांना लाज वाटली, फार वाटली, पण त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

अधिकारी निघाला. त्याला दारापर्यंत सोडायला आईही गेली. आता पलंगापाशी दोघंच उरले. सर कपाळावरचा घाम पुसायला गेले आणि उजवा हात अर्ध्यातच कळ येऊन थांबला.

"सर, खांदा दाखवून घ्या," ती हळूच म्हणाली. "पट्टा सुटला, पण तुम्ही शुद्धीवर नव्हता. बाहेर काढताना फार जोरात ओढलं मी तुम्हाला."