निजलेली पाहुणी

"बसू नका वो बाई. पाणी प्या आन् लागा वाटेले," तांब्या पुढे करत हंसाबाई म्हणाली.

समोरची बाई घामाने निथळत होती. डोंगरातल्या शर्यतीतली ही अगदी शेवटची. तरणी पोरं केव्हाच हा बंजाऱ्यांचा तांडा ओलांडून पुढच्या नाल्यात उतरली होती. ही साठीला टेकलेली, छातीवर नंबराचा कागद लावून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिच्या मागून अवधूत नावाचा पोरगा येत होता. शेवटच्या माणसाच्या पाठी राहायचं आणि वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या लाल रिबिनी सोडून पोत्यात भरायच्या, हे त्याचं काम.

"जरा टेकू द्या की," बाई म्हणाली.

"नाही म्हटलं ना मी! खाली नाला हाये, मंग चढ हाये. दिवस बुडून राह्यला. चाला, चाला."

आपलंच बोलणं हंसाबाईच्या कानाला टोचलं. दारी आलेल्याला भाकरीशिवाय जाऊ देत नाही म्हणून तांड्यात तिचा लौकिक. पण गेल्या वर्षीच्या शर्यतीनंतर तिने अंगणातली बाज भिंतीला उभी केली, ती केलीच. शेजारणी म्हणत, हंसाबाई आता माणसंही कोंबड्यांसारखी हाकलते. म्हणोत बापड्या.

गेल्या वर्षी अशीच एक पोरगी वाट सोडून पाणी मागायला अंगणात आली होती. दमलेली, भुकेजलेली. हंसाबाईने तिला भाकरी आणि लसणाची चटणी वाढली, मोहाच्या झाडाखाली बाज टाकून दिली. हात धुतले न धुतले तोच पोरीचा डोळा लागला. आपल्या घरी जेवून निजलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही, ही हंसाबाईच्या सासरची रीत. उठवलं की 'जा' म्हटल्यासारखं होतं. खालच्या वाटेने माणसं रिबिनी सोडत निघून गेली, ते तिने पाहिलं. त्या कशाला सोडतात ते तिला काय ठाऊक! ती शेळ्या आणायला गेली आणि परत आली तर बाज रिकामी. पोरगी जागी होऊन पळत सुटली होती. वाटेवर एकही खूण नव्हती, आणि नाल्यापलीकडे जिथे वर चढायचं तिथे ती तशीच आणखी खाली घळीत उतरली. दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या माणसांनी तिचा देह कातळाखालून उचलून आणला.

बाईने पाणी संपवलं, पदराने पुसावं तसं बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुम्हीच हंसाबाई ना?"

"हो. कायले?"

"मी रत्नप्रभा. शाल्मलीची आई. यवतमाळहून आले."

हंसाबाईला वाटलं, पळत घरात जावं आणि आतून कडी लावावी. वर्षभर तिने या बाईची वाट पाहिली होती, आणि ही येऊ नये म्हणून नवसही बोलली होती. काय काय उत्तरं तिने मनाशी घोकून ठेवली होती! तुमच्या लोकाईनं माणसं मोजून काहून नाही पाह्यली? एकट्या पोरीले जंगलात कायले धाडली?

रत्नप्रभाने भिंतीला उभ्या असलेल्या बाजेकडे पाहिलं. "हीच का?"

हंसाबाईने मान हलवली. मग न सांगता उठली, बाज ओढत नेली आणि मोहाखाली टाकली.

"काकू, उशीर होतोय," अवधूत चाचरत म्हणाला. "पुढं जीप उभी आहे."

"थांब रे थोडं."

रत्नप्रभा बूट न काढताच बाजेवर आडवी झाली. "कशी निजली होती ती?"

"कुशीवर. हात असा डोक्याखाली घेऊन," हंसाबाई जमिनीवर बसत म्हणाली. "एक डाव हासली बी झोपेत. लेकरू हासते तशी."

"घरी तिला झोप यायची नाही हो. परीक्षा, नोकरी, पुन्हा परीक्षा. रात्र रात्र खिडकीशी बसून असायची. पळायला लागली तीसुद्धा दमून झोप येईल म्हणून."

रत्नप्रभा कुशीवर वळली, हात डोक्याखाली घेतला आणि तिने डोळे मिटले. वारा पडलेला होता. घळीतून पाण्याचा आवाज तेवढा वर येत होता. अवधूत वाटेवरच्या पळसाजवळ उभा होता, पण तिथली रिबीन सोडायला त्याचा हात होईना. डोंगराची सावली अंगणात शिरली, चुलीपर्यंत आली. हंसाबाई उठून बाजेपाशी गेली. तिला राहवेना. तिने बाजेवरचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. तांड्यात आईला, लेकीला मारतात ती 'याडी' हाक तिच्या तोंडून निघाली.

"ऊठ याडी, ऊठ! ऊठ वो माय! रिबिनी सोडून राह्यले ते. अंधार पडून राह्यला. ऊठ!"

रत्नप्रभाने डोळे उघडले. "जागीच आहे मी."

ती उठून बसली. बुटाची नाडी तिने सावकाश आवळली. कोणत्या बाजूने उतरायचं ते अवधूतने हाताने दाखवलं. चार पावलं जाऊन ती थांबली.

"हंसाबाई, तिला इतकी गाढ झोपलेली पाहिली असती ना, तर मीसुद्धा उठवलं नसतं."

आणि ती उतरायला लागली. तिच्या मागून अवधूत निघाला. हंसाबाई होती तिथेच उभी राहिली. घोकून ठेवलेलं एकही उत्तर या बोलण्याला लागू पडत नव्हतं. या बाईने पायातलं काढून चार मारले असते, तर आज हंसाबाईला झोप तरी आली असती.