ग्लेंडाची लाथाळ घोडी

विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या घोडेस्वारांच्या तळावर म्हाताऱ्या वर्जिलचा दर शनिवारी एकच ध्यास असे: ग्लेंडाशेजारी घोडा चालवत तिला आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट एकदाची पुरी सांगायची.

पण तिच्या घोडीच्या शेपटीला लाल फीत बांधलेली. म्हणजे घोडी लाथ झाडते, दहा पावलं मागे राहा!

"मेली फार द्वाड आहे हो," ग्लेंडा हळहळायची. "नाहीतर मला ऐकायचंच होतं!"

या खेपेला वर्जिल न सांगता शुक्रवारीच येऊन थडकला. बघतो तर घोडीची शेपटी मोकळी, आणि तिच्या मागच्या पायांत तळावरचं कुत्रं निवांत घोरतंय.



"अगं बाई, वर्जिल आला!" कुणीतरी ओरडलं, आणि बघता बघता तळावरच्या अकराही घोड्यांच्या शेपट्यांना लाल फिती चढल्या.